आधी मशीन बंद

केस जळल्याचा वास आला तेव्हा मी ब्लाऊजला हुक लावत बसले होते. शेजारी कुणीतरी कोंबडी भाजत असेल असं आधी वाटलं. मग आबांच्या खोलीतून कॉट सरकल्याचा आवाज आला आणि मी हातातलं टाकून धावले.

आबा कॉटवर ताठ बसले होते. त्यांच्या मिशीची एक बाजू गेली होती. नाकातली ऑक्सिजनची नळी त्यांनी ओढून फेकली होती आणि ती चादरीवर पडून टोकाशी जळत होती. फुलबाजी जळते तशी, पांढरी, फुरफुरत. चादरीला भोक पडून ते मोठं होत चाललं होतं. कोपऱ्यात मशीन आपलं घरघरत होतं आणि त्याच्या बाटलीत बुडबुडे येत होते.

मी कोनाड्यातली कळशी उचलायला गेले. माझा उजवा खांदा त्या वर्षी आखडला होता, हात कानाच्या वर जात नव्हता. कळशी निम्म्यावर सुटली आणि पाणी आबांच्या पायावर, चादरीवर, नळीवर, कुठंही सांडलं. आग विझली ती माझ्या हुशारीनं नव्हे, पाणी पडलं तिथं नेमकी ती होती म्हणून.

मग मला खाली पडलेली बिडी दिसली. भिजून तिची पानं उलगडली होती.

"कुणी दिली?" मी विचारलं.

आबा बोटानं मिशी चाचपत राहिले.

आम्ही उचगावात राहत होतो. दोन खोल्या, पुढं माझं शिलाईचं मशीन, मागं आबांची कॉट, त्याच्या मागं परडं आणि परड्यात धुण्याचा दगड. नवरा गेल्यावर मी माहेरी आले आणि आई गेल्यावर आबांना, माझ्या वडिलांना, बघायला मीच उरले. आबांनी उमेदीची सारी वर्षं शिरोलीला लोखंड ओतायच्या एका फाउंड्रीत घालवली. साचे करायचे, साचे फोडायचे. वाळूची धूळ नाकातोंडात जायची, तोंडाला फडकं बांधलं तर सुपरवायझर हसायचा. साठीनंतर त्या वाळूनं हिशेब मागितला. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडावर धरून दाखवला तेव्हा छातीत दोन्हीकडं पांढरे डाग होते, पहाटेच्या धुक्यासारखे. तेव्हापासून मशीन आलं. दिवसरात्र नळी नाकात. नळीची लांबी कॉटपासून मोरीपर्यंत आणि मागच्या उंबऱ्यापर्यंत. आबांचं जग तेवढंच उरलं होतं.

भावाला फोन केला. सर्जेराव चाकणला गाड्यांच्या कारखान्यात होता. माझ्याहून लहान, पण आबांच्या आजारपणात त्याचा आवाज मोठा झाला होता.

"आक्का, घरात आग विझवायचं काहीतरी पाहिजे," तो म्हणाला. "आजच मागवतो. तू काही करू नको."

पार्सल चौथ्या दिवशी आलं. त्यात डासांच्या फवाऱ्यासारखा एक लाल डबा होता आणि नारळाएवढा एक पांढरा गोळा. गोळा आगीत टाकला की आपोआप फुटतो आणि आग विझते, असं सर्जेरावानं व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तो आबांच्या डोक्यावर खिळ्याला टांगायचा होता.

आबांनी गोळा हातात घेऊन फिरवला. मोबाइलमधून सर्जेराव बघत होता.

"आमच्यात भट्टीजवळ वाळूच्या बादल्या असायच्या," आबा म्हणाले. एवढं बोलून थांबले, दम घेतला. "वाळू टाकली की काम फत्ते. हे काय, पोरांचा चेंडू."

"आबा, पाच स्टार आहेत त्याला. हजारो लोकांनी घेतलाय."

"त्यांच्याकडं असं मशीन हाय व्हय?"

मी डबा उचलून बघितला. त्याच्यावर बारीक अक्षरात जे इंग्रजी लिहिलं होतं त्यात आबांच्या प्रश्नाचं उत्तर आहे का हे मला कळत नव्हतं. एका बाजूला दोन अक्षरांची खूण होती, एका बाजूला गोल शिक्का. शिक्का बघितला की धीर येतो. पण कशाचा शिक्का, कुणी मारला, हे कळलं नाही की तोच शिक्का अंगावर येतो. त्या रात्री मी आबांच्या खोलीत खाली अंथरूण टाकलं आणि मशीनची घरघर ऐकत पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींना आबांजवळ बसवून मी डबा नि गोळा पिशवीत घातले आणि कोल्हापुरात शाहूपुरीला गेले. तिथं आगीचं सामान विकणारं एक दुकान होतं. दारातच लाल नळकांडी उभी होती, कमरेएवढी. आत पन्नाशीचे एक गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून चहा पीत होते. त्यांना सगळे नदाफभाई म्हणत.

"मला हलकं काहीतरी पाहिजे," मी म्हणाले. "हे मोठं मला उचलणार नाही."

त्यांनी एक मोठं नळकांडं पुढं सरकवलं. "उचलून तर बघा."

मी डाव्या हातानं धरलं, उजव्याचा आधार दिला. गुडघ्यापर्यंत आलं आणि खांद्यात अशी कळ गेली की ते जमिनीवर आदळलं.

"बसा ताई," नदाफभाई म्हणाले. "कुणासाठी पाहिजे?"

मी पिशवीतलं सामान टेबलावर मांडलं. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि डबा फिरवून फिरवून वाचला. बराच वेळ वाचला.

"ही खूण युरोपात माल विकायचा असला की लावतात," ते म्हणाले. "बऱ्याच वस्तूंवर बनवणाराच आपल्या जबाबदारीवर लावतो. आणि हा गोल शिक्का आहे ना, तो कंपनीचा कारभार शिस्तीत आहे म्हणून मिळतो. कारभाराला मिळतो, डब्याला नाही."

"म्हणजे खोटं आहे?"

"खोटं आहे असं मी म्हणत नाही. विझवेलही. पण हा डबा कुणी पेटवून, विझवून, मोजून बघितलाय का, ते ह्याच्यावरनं मला कळत नाही. मला कळत नाही तर तुम्हाला कसं सांगू?"

"आणि गोळा?"

"हा फुटताना बार होतो आणि आतली पावडर उडते. कुठं टांगणार?"

"वडिलांच्या डोक्यावर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तेव्हा मी सगळं सांगितलं. मशीन, नळी, मिशी. वाळूचंही सांगितलं. त्यांचा चहाचा कप हातात तसाच राहिला.

मग ते उठले आणि फळीवरून हातात मावेल असं एक छोटं नळकांडं काढलं. त्याच्यावर आयएसआयची खूण होती. ती मला ओळखू आली, ती प्रेशर कुकरवर असते.

"नुसती खूण बघायची नाही," ते म्हणाले. "खुणेच्या वर कुठल्या मानकाप्रमाणं बनवलंय तो आकडा पाहिजे आणि खाली परवान्याचा नंबर. तो नंबर मोबाइलमध्ये टाकून बघता येतो. सरकारी ॲप आहे. कुणाचं ऐकायचं नाही, माझंही नाही."

त्यांनी माझ्यासमोरच नंबर टाकला. चाक फिरलं, पान उघडलं. त्यांनी ते वाचलं, मोबाइल जरा लांब धरून परत वाचलं. मग ते छोटं नळकांडं उचलून काउंटरच्या खाली ठेवलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"परवाना संपलेला दिसतोय. बनवलं तेव्हा होता का नव्हता, ते मला विचारावं लागेल." त्यांचा चेहरा उतरला होता. "हे आठ महिने माझ्या फळीवर आहे, ताई."

मला त्यांचा राग आला नाही. उलट भीती वाटली. ज्या माणसाचा हाच धंदा त्याच्याही फळीवर काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि मी एक शिलाई करणारी बाई माझ्या बापाचं काय करणार होते?

दुसरं एक होतं, त्याचा नंबर बरोबर लागला. पण त्यात पावडर होती. "पावडर आग विझवते," नदाफभाई म्हणाले, "पण खोली अशी भरते की धडधाकट माणूस खोकून बाहेर पळतो. वडिलांना पळता येतं?"

"नाही."

"मग हे नको."

मी आग झाकायच्या ब्लँकेटचं विचारलं, टीव्हीवर बघितलं होतं.

"ते आगीची हवा तोडतं. तुमच्याकडं हवा आतनं येतेय, नळीतनं. वरनं झाकाल आणि खाली पेटतच राहील."

शेवटी एक निघालं. पाण्याच्या मोठ्या बाटलीएवढं, पावडर नसलेलं, आत गॅस असलेलं. खूण होती, वरचा आकडा होता, खालचा नंबर होता आणि ॲपवर तो चालू दाखवत होता. मला एका हातानं उचलत होतं. तरी नदाफभाई खूश नव्हते.

"हेही कोंडलेल्या खोलीत श्वासाला चांगलं नाही. मारलं की दार उघडून त्यांना बाहेर काढायचं. आणि ताई, एक नीट ऐका. नळी चालू असेल तर ह्या दुकानातलं काहीही पुरं पडणार नाही. आधी मशीन बंद. मग विझवायचं. घरात सगळ्यांना सांगा. वडिलांना तर पहिलं सांगा."

दारापर्यंत आल्यावर त्यांनी अजून एक सांगितलं. मशीन बंद केलं तरी तो ऑक्सिजन कपड्यात, अंथरुणात काही वेळ मुरून राहतो. लगेच काडी ओढायची नाही. मी मान हलवली. काडी ओढण्याचा प्रश्नच येणार नव्हता, असं माझ्या मनात होतं.

घरी आल्यावर मी मशीनच्या बटणाला लाल कापडाची चिंधी बांधली आणि आबांना धडा दिला. काही झालं तर आधी हे दाबायचं. मग नळी काढायची. मग हाक मारायची. कपडे आणि अंथरूण काही वेळ धोक्याचंच असतं. मी शाळेतल्या बाईसारखी परत परत सांगत होते आणि ते परत म्हणून दाखवत होते.

"आधी मशीन बंद," आबा म्हणाले. "कळलं की. मी काय ल्हान हाय?"

"मग बिडी कुणी दिली ते सांगा."

"तू कुणाला बोलणार. मी मागितली, त्यानं दिली."

तो जोतीमामा असणार हे मला ठाऊक होतं. भट्टीवरचा आबांचा जोडीदार. पुढच्या वेळी तो आला तेव्हा मी त्याला दारातच थांबवलं. बोलू नये ते बोलले. म्हातारा टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि आत न येताच परत गेला. आबांनी ते कॉटवरून ऐकलं.

त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांना पेज भरवत होते तेव्हा चमचा बाजूला सारून म्हणाले, "मीठ बंद केलंस. तेल बंद. भाईर जाणं बंद. आता माणूस बी बंद." थांबले. मशीननं त्यांना दोन-तीन श्वास दिले, मग पुढचं वाक्य आलं. "श्वास तेवढा चालू हाय. तो बी माझा न्हाई."

"आबा, तुम्ही पेटला असता."

"म्हाईत हाय मला."

"घर पेटलं असतं."

"ते बी म्हाईत हाय." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पेटण्याचं भ्या न्हाई गं मला. जल्मभर पेटल्यालंच बघितलं. ह्या बुडबुड्याचं भ्या वाटतं. रातचं वाटतं, हे थांबलं तर."

मी पेज घेऊन उठले. मोरीत जाऊन भांडं घासलं, घासलेलं परत घासलं.

महिनाभर नीट गेला. मी रोज त्यांची उशी, कॉटखालचा डबा, कोनाडा सगळं बघायचे. काही सापडायचं नाही. माझ्या मनात आलं, मिशी जळाली त्यानंच अद्दल घडली. सर्जेरावालाही तसंच सांगितलं. तो म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो ना." काय म्हणत होता ते त्यालाच माहीत, पण त्याला बरं वाटलं तर वाटू दे.

मग ती दुपार आली. मी पुढच्या खोलीत एका लग्नघरच्या साड्यांना फॉल लावत होते. शिलाई मशीनचा आणि आबांच्या मशीनचा असे दोन आवाज घरात असायचे, आणि मला त्यांची इतकी सवय झाली होती की ते ऐकूच यायचे नाहीत. त्या दुपारी मी दोरा ओवायला थांबले आणि घर अगदी शांत होतं.

लाइट गेली, असं वाटलं. लाइट गेली की ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर लावायचा असतो, म्हणून मी उठले. उठताना वर बघितलं. पंखा फिरत होता.

मी मागं गेले. कॉट रिकामी होती. मशीनचं बटण बंद होतं, चिंधी तशीच लोंबत होती. नळी गुंडाळून खिळ्याला अडकवली होती, नीट, मी अडकवते तशी. अंगातला सदरा काढून, घडी करून उशीवर ठेवला होता. दोरीवरचा धुतलेला सदरा गायब होता. मागचं दार उघडं होतं.

आबा धुण्याच्या दगडाला टेकून बसले होते. ओठ निळे, नखं निळी. डोळे उघडे होते पण माझ्यावर ठरत नव्हते. छाती वरखाली होत होती, पण आत काही जात नव्हतं. उजव्या हाताच्या दोन बोटांत अर्धी बिडी होती. विझलेली. दगडाच्या खाचेत काडीपेटी खोचलेली होती; परड्यात मी कधी शोधलंच नव्हतं.

मी त्यांना काखेत हात घालून उचलायला गेले. आबा हाडांचेच उरले होते, तरीही मला उठवेनात. खांदा साथ देईना. मी वहिनींना हाक मारली, त्या बाजाराला गेल्या होत्या. परत आत पळाले, मशीन चालू केलं, नळी घेऊन बाहेर आले आणि उंबऱ्याशीच मला हिसका बसला. नळी संपली होती. आबा तिथून पाच-सहा हात लांब होते. मशीन ओढायला गेले तर त्याची वायर भिंतीत ताणली. सिलिंडर बाहेर आणायचं त्या घाईत सुचलंच नाही.

मी नळी उंबऱ्यावर टाकली आणि आबांकडे गेले. त्यांच्या पाठीमागं बसून डाव्या हातानं त्यांना छातीशी धरलं आणि बसल्या बसल्या मागं सरकत निघाले. टाचा रोवायच्या आणि सरकायचं. त्यांचे पाय मातीत दोन रेघा ओढत येत होते. त्यांचं डोकं माझ्या हनुवटीखाली होतं, आणि त्याला साबणाचा वास येत होता, धुतलेल्या सदऱ्याचा. त्या सहा हातांत मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. उंबऱ्याशी आल्यावर नळी त्यांच्या नाकाला लावली आणि त्यांना तसंच मांडीवर घेऊन बसले. आत मशीन घरघरत होतं.

बऱ्याच वेळानं त्यांच्या ओठांचा रंग बदलला. त्यांनी मला ओळखलं.

"मशीन बंद केलतं मी," ते म्हणाले.

मी नळी नाकात नीट बसवली.

"सदरा बदलला. भाईर येऊन बसलो. थांबलो." एकेका शब्दाला ते श्वास मागत होते. "लगीच काडी ओढली न्हाई. मग ओढली." पुन्हा थांबले. "घराला काय झालं न्हाई न्हवं?"

"नाही आबा."

"मग झालं तर."

मला ओरडायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती. जे जे शिकवलं होतं ते सगळं त्यांनी केलं होतं. भिंतीवर ते छोटं नळकांडं टांगलेलं होतं, खुणेचं, नंबराचं, तपासून घेतलेलं, आणि त्याचा ह्या सगळ्याशी काही संबंध नव्हता. आगीपासून घर वाचवायचं कसं ते मी शोधून काढलं होतं. ह्याच्यावर काय घ्यायचं, हे कुठल्या दुकानात विचारणार?

डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेल्या. जाताना मला परड्यात घेऊन म्हणाल्या, "मालनताई, आता दवाखान्यात नेऊन त्यांचे हाल करू नका. काय खावंसं वाटेल ते द्या. भावाला बोलवून घ्या."

सर्जेराव दुसऱ्या दिवशी आला. आल्या आल्या घरातल्या काड्यापेट्या गोळा करून खिशात घातल्या. मग मला बाजूला घेतलं.

"तू घरात असून हे झालंच कसं? दाराला कडी नव्हती?"

"कडी आतनं असते सर्जा. ते आतच होते."

"बांधून ठेवायचं मग. पोरासारखं करायला लागलं की पोरासारखंच ठेवायला लागतं."

"ठेव बांधून," मी म्हणाले. "तू आलायस, तूच बांध."

तो आबांच्या खोलीत गेला. आबा झोपले होते. त्यांची मिशी एका बाजूनं नुकती उगवत होती, पांढरी, खुरटी. सर्जेराव कॉटच्या पायथ्याशी बसला. थोड्या वेळानं त्यानं आबांचा पाय मांडीवर घेतला आणि दाबायला लागला. मी दारातून बघत होते. तो तासभर तसाच बसला असेल. पोटरीवर मांस नव्हतं, दाबायला काहीच नव्हतं, तरी तो दाबत होता.

संध्याकाळी आबांनी डोळे उघडले. "सर्जा, कवा आलास?"

"मगाशी."

"नोकरी?"

"हाय. रजा टाकलीया." पुण्याकडची त्याची भाषा आबांपुढं गळून पडली होती.

आबा छताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "एकडाव भाईर न्या मला. तुम्ही दोघं हायसा."

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. ते कशाला म्हणत होते ते सांगायची गरज नव्हती. मी सर्जेराव काय म्हणतो त्याची वाट बघत होते. त्यानं नको म्हणावं असंही वाटत होतं आणि तो नको म्हणाला तर मी काय करीन ह्याची भीतीही वाटत होती.

"बिडी कुठं मिळते इथं?" त्यानं मला विचारलं.

मी जोतीमामाच्या घरी गेले. त्याच्यासमोर उभी राहिले आणि आबा बाहेर न्या म्हणतात, एवढंच सांगितलं. त्यानं मला बसायला सांगितलं नाही. आत गेला आणि बिड्यांचा एक कट्टा आणून माझ्या हातावर ठेवला.

"त्याला म्हणावं, मी उद्या येतो," तो म्हणाला.

"आजच चला मामा."

"न्हाई. आज तुमी असा."

परत आल्यावर मी आबांचा सदरा बदलला, तोंड ओल्या फडक्यानं पुसलं, मिशीही पुसली. मशीन बंद करताना माझा हात बटणावर थांबला. आबा बघत होते. त्यांनी मान हलवली. मी बटण दाबलं.

सर्जेरावानं त्यांना उचललं. एका हातात मावल्यासारखे मावले. परड्यात प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली होती, उंबऱ्यापासून लांब, शेवग्याखाली. मी मागून सिलिंडर घेऊन आले, नळी तयार ठेवली, पण उघडली नाही. दुसऱ्या हातात भिंतीवरचं ते नळकांडं होतं. ते घेऊन मी खुर्चीच्या बाजूला जमिनीवर बसले. लांबून बघणाऱ्याला हे सगळं कसं दिसलं असतं कोण जाणे.

आम्ही थांबलो. उन्हं गेली होती पण उजेड होता. आबांचा श्वास उथळ होत चालला होता, तरी ते घाई करत नव्हते. आम्हीच मनातल्या मनात घाई करत होतो. शेवटी त्यांनी बोटं पुढं केली.

सर्जेरावानं बिडी त्यांच्या ओठात ठेवली. तो बापासमोर कधी सुपारीसुद्धा चघळायचा नाही. त्यानं काडी ओढली, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि वाकून बिडीच्या टोकाला लावली.

"ओढा आबा," तो म्हणाला.

आबांनी गाल आत घेतले. टोक जरासं लाल झालं. मग गाल सैल पडले. धूर आलाच नाही. त्यांनी पुन्हा ओढायचा प्रयत्न केला, खांदे वर उचलले गेले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. आत घ्यायला त्यांच्याकडं दमच नव्हता. बिडी ओठात राहिली, तिच्या टोकाची लाली राखेत गेली आणि ती विझली. सिगरेट ठेवली तर जळत राहते. बिडीला माणूस लागतो.

सर्जेरावानं दुसरी काडी ओढली. ह्या वेळी टोक पेटलंसुद्धा नाही.

"पेटवून देऊ का मी?" त्यानं विचारलं. "माझ्या तोंडात धरून?"

आबांनी बिडी ओठांतून काढली. तिच्याकडं बघितलं. जल्मभर भट्टीवर काम केलेला तो माणूस त्या विझलेल्या टोकाकडं असा बघत होता की मी मान फिरवली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आत घ्या मला."

मी सिलिंडर उघडला आणि नळी त्यांच्या नाकाला लावली. सर्जेरावानं त्यांना उचललं. आत नेऊन ठेवलं, मी मशीन चालू केलं, बुडबुडे यायला लागले. रात्री त्यांनी दोन घास भात खाल्ला, मीठ घातलेला.

दुसऱ्या दिवशी जोतीमामा आला आणि सारी सकाळ कॉटजवळ बसला. दोघं भट्टीवरच्या गोष्टी करत होते. जोतीमामा सांगायचा आणि आबा मान हलवायचे. जाताना त्यानं खिशात हात घातला आणि आबांनी नको म्हणून बोटं हलवली.

आबा त्यानंतर आठवडाभर होते. बिडीचा कट्टा मी कोनाड्यात समोरच ठेवला होता, त्यांना कॉटवरून दिसेल असा. शेजारी काडीपेटीही होती. त्यांनी पुन्हा बिडी मागितली नाही. मी मात्र त्यांनी मागावी म्हणून वाट बघत राहिले.